स्पिल-रेझिस्टंट, पण अटी लागू

लॅपटॉप विकणारी कुठलीही वेबसाइट उघडा. फिरतीवर असणाऱ्यांसाठी म्हणून जी मॉडेल्स दाखवतात, त्यांच्या फोटोत एक दाढीवाला तरुण बर्फाळ डोंगराच्या कडेला बसून काहीतरी टाइप करत असतो. खाली तीन बिल्ले असतात. एकावर 'मिलिटरी ग्रेड', दुसऱ्यावर 'स्पिल-रेझिस्टंट कीबोर्ड', तिसऱ्यावर 'बिल्ट फॉर द जर्नी'. मग एक बारीकसा तारा. तो तारा धरून पानाच्या तळाशी गेलात की राखाडी अक्षरांत लिहिलेलं सापडतं: चाचण्यांचे निकाल म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या कामगिरीची हमी नव्हे, आणि अपघाती नुकसानीसाठी वेगळा प्लॅन विकत घ्यावा लागेल. वॉरंटीचा कागद उघडलात तर त्यात आणखी स्पष्ट असतं. द्रवामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही.

म्हणजे वर लिहायचं 'सांडलं तरी चालेल', खाली लिहायचं 'सांडलं तर तुमचं तुम्ही बघा'. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत आपल्यासारख्यांचे पैसे जातात. माझं म्हणणं साधं आहे. ज्या कंपनीला खोक्यावर 'स्पिल-रेझिस्टंट' लिहायचंय तिने सांडल्यावर लॅपटॉप फुकट दुरुस्त करून द्यावा. ते जमत नसेल तर खोक्यावरून तो शब्द खोडावा. तिसरा पर्याय आपण मान्य करायला नको, आणि आज बाजारात फक्त तिसराच पर्याय मिळतोय.

मिलिटरी कुठली आणि ग्रेड कसला?

आधी 'मिलिटरी ग्रेड'चा हिशोब करू, कारण सगळ्यात जास्त रुबाब त्याचाच.

हा शब्द येतो मिल-एसटीडी-८१० या अमेरिकी संरक्षण खात्याच्या मानकातून. ते पहिल्यांदा १९६२ साली आलं. त्याची 'एच' आवृत्ती २०१९ची. हजाराच्या वर पानं आहेत आणि पाऊस, धूळ, खारं धुकं, कंप, धक्का, उंची, उष्णता अशा दोन डझनांहून जास्त चाचण्यांच्या पद्धती त्यात दिल्या आहेत. मानक म्हणून ते उत्तमच आहे. पण ते ज्या कामासाठी लिहिलंय ते वेगळं आहे. त्याचा गाभाच असा की आपलं उपकरण कुठे वापरलं जाणार हे पाहून चाचण्या निवडा आणि त्यांची तीव्रता ठरवा. वाळवंटात जाणाऱ्या रेडिओची चाचणी वेगळी, जहाजावरच्या रडारची वेगळी.

लॅपटॉप कंपन्यांना नेमकी ही मुभा सोयीची पडते. सगळ्या चाचण्या करायलाच हव्यात असं बंधन नाही. कुठल्या केल्या, किती कडक केल्या, हे खोक्यावर छापायचं बंधन नाही. अमेरिकी संरक्षण खातं कुठल्याही लॅपटॉपला 'हा पास झाला' असं प्रमाणपत्र देत नाही. कंपनी स्वतः चाचणी करते किंवा एखाद्या लॅबकडून करून घेते, आणि स्वतःच जाहीर करते.

खाली पडण्याची चाचणी घ्या. साधारण १२२ सेंटिमीटरवरून, म्हणजे टेबलापेक्षा थोड्या जास्त उंचीवरून, २६ वेळा टाकायचं. प्रत्येक बाजू, प्रत्येक कड, प्रत्येक कोपरा. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण हे २६ आघात पाच नगांपर्यंत वाटून घेता येतात. खाली फरशी नसते, काँक्रीटवर ठेवलेलं प्लायवूड असतं. आणि ही चाचणी वाहतुकीतल्या आदळआपटीसाठी आखलेली आहे, तेव्हा लॅपटॉप बंद ठेवून टाकला तरी ती चाचणीच. तुमच्याकडे मात्र लॅपटॉप एकच असतो, तो चालू असतो, आणि खाली शहाबादी फरशी असते.

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं म्हणायचे आपल्याकडे. इथे वाळ्यावर 'गोल्ड ग्रेड' लिहून मिळतं.

मोजलेलं आणि नुसतं म्हटलेलं

पाण्याबाबत तर मोजमापाची पद्धत जगाकडे आधीपासून आहे. आयईसी ६०५२९ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि भारतीय मानक ब्युरोनेही ते स्वीकारलेलं आहे. फोनवर 'आयपी६८' असं लिहिलेलं असतं ते यातलंच. पहिला आकडा धुळीचा. ५ म्हणजे थोडी धूळ आत गेली तरी काम बिघडणार नाही, ६ म्हणजे धूळ आत जाणारच नाही. दुसरा आकडा पाण्याचा. ३ म्हणजे तिरका फवारा सोसेल, ४ म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी सोसेल, ५ म्हणजे नळीतून मारलेला मिनिटाला साडेबारा लिटरचा झोत सोसेल, ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालेल.

या भाषेत बोललं की वाद घालता येतो. कुणी 'आयपी५३' म्हटलं तर लॅबमध्ये नेऊन खरंखोटं करता येतं. पॅनासॉनिकने १९९६ साली टफबुक आणलं, तेव्हापासून खरोखरच्या दणकट लॅपटॉपची एक वेगळी जात आहे. मॅग्नेशियमची बॉडी, रबराने बंद केलेली प्रत्येक खाच, वर झाकणं. ते लॅपटॉप आयपीच्या भाषेत बोलतात. पोलिसांच्या गाड्यांत, सैन्यात, तेलविहिरींवर ते दिसतात. आणि त्यांची किंमत लाखांत असते.

आपल्या चाळीस ते ऐंशी हजारांच्या लॅपटॉपवर मात्र आयपीचा आकडा बहुधा नसतो. तिथे 'स्पिल-रेझिस्टंट' असतं. हे विशेषण आहे, मोजमाप नाही. कोणता द्रव? किती मिलिलिटर? किती वेळ? लॅपटॉप चालू असताना की बंद? चाचणीनंतर किती दिवसांनी तपासलं? 'घरगुती चव' या शब्दांना जेवढा तांत्रिक अर्थ आहे तेवढाच याला आहे.

या शब्दामागे काहीच नसतं असं मी म्हणत नाही. चांगल्या रचनेच्या कीबोर्डखाली एक पातळ पडदा असतो, काहींत पन्हळीसारखे मार्ग असतात आणि सांडलेलं पाणी तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. थिंकपॅडमध्ये ही सोय वर्षानुवर्षं आहे आणि ती खरंच उपयोगाची आहे. मदरबोर्डपर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो, तेवढ्यात तुम्ही लॅपटॉप बंद करू शकता. पण मग हेच लिहा ना. 'आमच्या रचनेमुळे तुम्हाला काही मिनिटं मिळतात' असं छापा. ते खरं आहे आणि त्याने लोकांचं भलंही होईल. 'रेझिस्टंट' वाचून माणूस निवांत टिश्यू शोधायला जातो.

पाणी काय करतं

एक गैरसमज दूर करणं गरजेचं आहे, कारण कंपन्यांची सगळी युक्ती त्यावर उभी आहे. पाणी पडलं की लॅपटॉप लगेच जळतो असं आपल्याला वाटतं. म्हणून सर्व्हिस सेंटरने 'पाणी गेलंय' म्हटलं की आपण मान खाली घालतो.

निव्वळ शुद्ध पाणी विजेचं फार चांगलं वाहक नाही. घात करतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. मदरबोर्डवर तांब्याच्या दोन रेषांमध्ये मिलिमीटरचाही अंश अंतर असतं. त्यांत वेगवेगळा व्होल्टेज असेल आणि मधे क्षारयुक्त ओलावा आला, तर धातूचे कण एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकू लागतात. त्यांचे केसांसारखे तंतू वाढतात आणि शेवटी दोन रेषा जोडल्या जातात. दुसरीकडे धातू झिजतो, त्यावर हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. हे व्हायला तास लागतात, कधी दिवस, कधी आठवडे. म्हणूनच 'परवा पाणी पडलं होतं, कालपर्यंत नीट चालला' ही तक्रार इतकी ऐकू येते.

या सगळ्याला इंधन लागतं ते विजेचं. वीज काढून घेतली तर निम्मं नुकसान तिथेच थांबतं. आता गंमत बघा. पंधरा वर्षांपूर्वी लॅपटॉप उलटा करून एक खटका सरकवला की बॅटरी हातात यायची. आज बॅटरी आत, स्क्रूंच्या मागे. तुम्ही पॉवर बटण दाबून धरता, स्क्रीन काळी होते, तुम्हाला वाटतं बंद झाला. पण बॅटरी जोडलेलीच असल्यामुळे मदरबोर्डचे काही भाग जागेच असतात. तुम्ही तो तांदळाच्या डब्यात ठेवता आणि आत विजेचं काम चालूच राहतं. तांदळाने क्षार शोषले जात नाहीत. साखर तर नाहीच नाही.

आणि आपल्याकडे सांडतो तो चहा. दूध, साखर, आलं घातलेला. आयपीच्या चाचण्या होतात साध्या पाण्याने. पाणी वाळून निघून जाईल, चहा कीबोर्डच्या पडद्यावर चिकटून बसतो आणि दमट हवेत परत ओला होतो. कोकणात आणि गोव्यात तर हवेतच मीठ आहे. आमच्या देशात 'स्पिल' या शब्दाचं भाषांतर 'कटिंग सांडणं' असंच होतं, आणि ती चाचणी मी कुणाच्याही माहितीपत्रकात पाहिलेली नाही.

फिरतीवर कोण असतं?

जाहिरातीतल्या डोंगरावरच्या माणसाकडे परत जाऊ. फिरतीवर काम करणारे लोक मी रोज पाहते. त्यांत डोंगरावर बसलेला कुणी नसतो.

माझं काम साखर कारखान्यांतल्या वजनकाट्यांच्या सॉफ्टवेअरचं आहे. गाळप हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे बसवाबसवीचं सगळं काम नेमकं पावसाळ्यात येतं. रात्रीची बस, सकाळी फाट्यावर उतरायचं, मग वडाप किंवा कुणाच्या तरी बाइकच्या मागे बसून कारखाना. बॅग रेनकोटच्या आत. काटाघरात जुना पंखा, टेबलावर धूळ, आणि दर तासाला येणारा चहा, ज्याला नाही म्हटलं तर काटेवाले काका रागावतात.

माझ्यासारखे कितीतरी. औषध कंपनीचा एमआर, विम्याचा सर्व्हेअर, टॉवरवर जाणारा टेलिकॉमवाला, गावोगावी कर्जाची फाइल भरणारी बचतगटाची ताई. तलाठ्याला फेरफाराच्या नोंदीसाठी लॅपटॉप लागतो. हॉस्टेलच्या कॉटवर मांडी घालून प्रोजेक्ट करणारी पोरं तर सगळीकडेच. हिंजवडीचे रस्ते जुलैत तुंबले की बाइकवरून जाणाऱ्या हजारोंच्या पाठीवर लॅपटॉप असतो. मुंबईच्या लोकलमध्ये दारात उभं राहून भिजणारी बॅगही लॅपटॉपचीच. यांना 'ॲडव्हेंचर' नकोय. यांना महिन्याचा हप्ता संपेपर्यंत टिकणारं यंत्र हवंय.

साधन टिकाऊ आहे की नाही हा प्रश्न कष्टाचं काम करणाऱ्याच्या खिशावर कसा येतो, हे महाराष्ट्राने २०२१ साली पाहिलं. अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन तापतात, बंद पडतात, कामाला पुरत नाहीत, आणि दुरुस्तीचा खर्च मात्र आमच्या पदरात, अशी त्यांची तक्रार होती. त्या एकत्र होत्या म्हणून फोन परत करू शकल्या. तुम्ही-मी एकेकटे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभे असतो.

काउंटरवरचा संवाद

दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमधली गोष्ट. रात्रीच्या स्लीपर बसमध्ये माझ्या बर्थवरच्या एसीच्या झडपेतून पाणी ठिबकत होतं. बॅग बाजूच्या कप्प्यात होती, आणि तिच्या चेनमधून थोडं पाणी आत गेलं. थोडं म्हणजे दोन-तीन चमचे. लॅपटॉप आठ महिन्यांचा. खोक्यावर वर सांगितलेले तिन्ही बिल्ले. किंमत ६८,००० रुपये.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने तो उघडला, आतल्या एका छोट्या पांढऱ्या स्टिकरचा फोटो काढला आणि मला दाखवला. पाणी लागलं की ते स्टिकर लाल होतं. झालं होतं.

"मॅडम, लिक्विड डॅमेज आहे. वॉरंटीत बसत नाही."

"पण हा स्पिल-रेझिस्टंट आहे ना?"

"ते किरकोळ सांडलं तर, मॅडम."

"किरकोळ म्हणजे किती?"

तो काही बोलला नाही. त्या मुलाचा दोष नव्हता. त्याला ते कुणी सांगितलेलंच नव्हतं, कारण ते कुठे लिहिलेलंच नाही. मदरबोर्ड आणि वरचं कव्हर बदलण्याचा अंदाज आला ४१,३०० रुपये. कव्हर कशाला? तर कीबोर्ड त्याला कायमचा ठोकून बसवलेला असतो. एक कळ गेली की कीबोर्ड, कीबोर्डसाठी अख्खं कव्हर.

तोच लॅपटॉप मी एका बोळातल्या दुकानात नेला. आठ बाय दहाची खोली, एक मायक्रोस्कोप, हॉट एअर गन. दादांनी बोर्ड काढला, अल्कोहोलने धुतला, गंजलेले दोन बारके घटक बदलले. "ताई, पाण्याने काही होत नाही हो. पाण्यात करंट राहतो ना, त्याने होतं," एवढंच म्हणाले. दोन दिवस आणि ३,५०० रुपये. तो लॅपटॉप अजून चालतो.

४१,३०० आणि ३,५०० यांतला फरक कौशल्याचा नाही. सर्व्हिस सेंटरमध्येही हुशार मुलं असतात. फरक धोरणाचा आहे. तिथे घटक बदलत नाहीत, अख्खा बोर्ड बदलतात. आणि बोळातल्या दादांना बोर्डचा नकाशा कंपनी देत नाही, सुटे भाग देत नाही. ते अंदाजाने, इंटरनेटवरून मिळवलेल्या नकाशांवरून आणि मोडक्या बोर्डांतून काढलेल्या सुट्या भागांवर काम करतात. आपल्या देशातले लॅपटॉप मजबूत असतील, तर त्या मजबुतीचा मोठा वाटा अशा दुकानांत तयार होतो.

'ग्राहकाचीच चूक आहे'

आता दुसऱ्या बाजूचे मुद्दे. ते मी माझ्याच क्षेत्रातल्या लोकांकडून ऐकलेत, त्यामुळे हसण्यावारी नेत नाही.

पहिला मुद्दा: लोक निष्काळजीपणे वागतील आणि भुर्दंड कंपनीला. याचं उत्तर 'स्पिल-रेझिस्टंट' शब्दातच आहे. सांडणं हा अपघात आहे हे गृहीत धरूनच तुम्ही तो गुण विकलात. छत्री विकायची आणि भिजली तर वॉरंटी रद्द म्हणायचं, असं कसं चालेल?

दुसरा मुद्दा: त्यासाठी वेगळा विमा मिळतो की. मिळतो. पण मग खोक्यावरच्या बिल्ल्याची किंमत आपण दोनदा मोजतोय. एकदा लॅपटॉप घेताना, दुसऱ्यांदा तो बिल्ला खोटा ठरला तर म्हणून. कंपनीला आपल्या रचनेवर भरवसा असेल तर त्या विम्याचा खर्च तिलाच फारसा येणार नाही. आणि भरवसा नसेल, तर तो आपण का ठेवावा?

तिसरा मुद्दा जास्त गंभीर: ग्राहकांना पातळ, हलके, सुंदर लॅपटॉप हवेत, आणि मजबुती महाग पडते. पातळपणाच्या हट्टाचं काय होतं ते ॲपलने २०१५ साली आणलेल्या बटरफ्लाय कीबोर्डने दाखवलं. कळा इतक्या चपट्या की धुळीच्या बारीक कणाने अडकायच्या. २०१८ साली फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली, २०१९च्या अखेरीला जुन्या पद्धतीच्या कळांकडे परतणं सुरू झालं, आणि २०२२ साली अमेरिकेतल्या सामूहिक खटल्यात ५ कोटी डॉलरची तडजोड झाली. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला धुळीने हरवलं. ग्राहकांनी पातळ कळा मागितल्या नव्हत्या.

आणि मजबुती महागच असते का? २००५ साली निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. त्यातून २००७ साली एक्सओ नावाचा हिरवा-पांढरा लॅपटॉप आला. गरीब देशांतल्या मुलांसाठी तो बनवला होता. कीबोर्ड एकसंध रबराचा, धूळ-पाणी आत जायला फट नाही. फिरणारी हार्ड डिस्क नाही, पंखा नाही. उन्हात वाचता येईल असा स्क्रीन. अँटेनाचे दोन कान मिटले की बाजूची पोर्टं झाकली जायची. बॅटरी हाताने निघायची. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे, उचलायच्या हँडलमध्ये जादा स्क्रू ठेवलेले होते. लॅपटॉप कधीतरी उघडावा लागणार हे बनवणाऱ्यांनी मान्य केलं होतं. भारतातला त्याचा एक पहिला प्रयोग रायगड जिल्ह्यातल्या एका एकशिक्षकी शाळेत झाला.

शिक्षणाचा प्रकल्प म्हणून एक्सओवर भरपूर टीका झाली आणि ती रास्त आहे. नुसते लॅपटॉप वाटून मुलांचं गणित सुधारत नाही, हे पेरूमधल्या अभ्यासात दिसलं. किंमतही शंभर डॉलरवर कधी आली नाही, दोनशेच्या आसपास राहिली. त्याचा वेगही बेताचा होता. पण दोनशे डॉलरमध्ये रबरी कीबोर्ड, निघणारी बॅटरी आणि जादा स्क्रू बसत असतील, तर सत्तर हजारांत 'परवडत नाही' हे मला कुणी सांगू नये. बसत नाही ते तुमच्या धंद्याच्या गणितात.

कायदा काय म्हणतो

हे सगळं आदर्शवादी वाटत असेल, तर दोन उदाहरणं. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला. आयफोन पाण्यात टिकतो अशी जाहिरात करायची, पण ते प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीतच हे नीट सांगायचं नाही, आणि वर द्रवाचं नुकसान वॉरंटीतून वगळायचं, याला त्यांनी फसवणूक म्हटलं. ऑस्ट्रेलियात जून २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. फोन स्विमिंग पूलमध्ये आणि समुद्रात वापरता येतो असं जाहिरातीत सुचवलं होतं, आणि ओल्या चार्जिंग पोर्टमधून चार्ज केल्यावर ते गंजण्याचा धोका होता. दोन्ही प्रकरणं फोनची आहेत. लॅपटॉपची स्थिती त्याहून वाईट, कारण तिथे आकडाही दिलेला नसतो.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत तळटिपांबद्दल स्वच्छ लिहिलंय: तळटीप मुख्य दाव्याच्या विरोधात जाता कामा नये, दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत असावी, आणि दाव्याचा फाँट तोच तळटिपेचा फाँट असावा. आता तो बारीक राखाडी मजकूर परत वाचा. 'सांडलं तरी टिकेल' हा दावा, 'सांडलं तर वॉरंटी नाही' ही तळटीप. याहून सरळ विरोध कसा असतो?

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी अशी कल्पना. चांगली सुरुवात, पण पोर्टलवर कस्टमर केअरचा नंबर सापडणं म्हणजे दुरुस्तीचा हक्क नव्हे. फ्रान्समध्ये २०२१पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. दुकानात किमतीच्या शेजारी. तेवढं तरी आपल्याला मागता येईल.

मागण्या तीन

एक: आकडा छापा. कोणता द्रव, किती मिलिलिटर, चालू असताना की बंद. 'मिलिटरी ग्रेड' लिहायचं असेल तर कुठल्या चाचण्या, किती कडक, हेही. आणि चाचणीत एकदा तरी दूध-साखरेचा चहा ओता.

दोन: जो आकडा छापाल त्या मर्यादेपर्यंतचं सांडणं मूळ वॉरंटीत घ्या. वेगळा प्लॅन नको, तारा नको.

तीन: उघडता येईल असं बनवा. कीबोर्ड स्क्रूवर बसवा. बॅटरी तोडायला बाहेरून पोचता येईल असा एक खटका द्या. बोर्डाचे नकाशे आणि सुटे भाग बोळातल्या दुकानापर्यंत पोचू द्या. पाणी कधी ना कधी आत जाणारच आहे. गेल्यावर लॅपटॉप परत उभा राहतो का, यावरून त्याची मजबुती ठरवली पाहिजे.

सरकारी किंवा कंपनीच्या खरेदीत तुमचा शब्द चालत असेल, तर प्रोसेसर आणि रॅमच्या रकान्याखाली हे तीन रकाने वाढवा. हजार लॅपटॉप घेणाऱ्याला कंपनी तारा दाखवत नाही.

आणि तुम्ही एकच घेणार असाल, तर पुढच्या वेळी दुकानात उभं राहून विक्रेत्याला विचारा: "यावर चहा सांडला तर कोण भरणार?" उत्तर लेखी मागा. बहुतेक वेळा मिळणार नाही. पण विचारणारे वाढले, तर खोक्यावरचा तो शब्द छापताना कुणाला तरी दोनदा विचार करावा लागेल.